तीन नंबर

आमच्या विल्पारात घोड्याची चाल ओळखता न येणारा माणूस म्हणजे एकतर पाद्री, नाहीतर बँकेत नवीन आलेला. बाकी सगळ्यांना, बायकापोरांनासुद्धा, लांबवर धूळ दिसली की वर कोण बसलंय ते कळतं. म्हणून लढाई संपून वर्ष उलटल्यावरच्या त्या डिसेंबरात, म्हणजे आमच्या दक्षिणेकडच्या ऐन उन्हाळ्यात, कोरड्या ओढ्याच्या बाजूने एक स्वार येताना दिसला तेव्हा मी आईला म्हटलं, "घोडा स्टेशनामागच्या तबेल्यातला आहे, भाड्याचा. वरचा माणूस काही आपल्याकडचा नाही. आणि त्या बिचाऱ्या घोड्याला तो फार जड होतोय."

"मोठा आहे का गं?"

"दारातून वाकून येईल एवढा."

"मग पॅस्ट्या जास्त कर," आई म्हणाली आणि त्यांत भरायला बटाटे चिरायला बसली. कोण, कुठला, कशाला आला, हे ती कधी आधी विचारायची नाही. दारात आलेल्याच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे, चौकशा मागाहून.

तो माणूस माझ्या भावाबरोबर लढाईत होता. पण तो काय सांगायला आला होता ते सांगण्याआधी मला बाबांबद्दल सांगायला हवं, कारण ते ऐकायची गरज सगळ्यात जास्त त्यांना होती आणि ऐकायला घाबरतही तेच होते.

माझे बाबा जॅबेझ ट्रेम्बाथ चाबूकस्वार होते. रानातून हाकून आणलेला, माणसाचा हात कधी न लागलेला घोडा आमच्या गोल आवारात यायचा आणि काही आठवड्यांनी पाठीवर खोगीर घेऊन शहाण्यासारखा बाहेर पडायचा. घोड्यांशी बाबा फार गोड बोलायचे. "ये गं माझी राणी, घाबरतेस कशाला?" असं घोडीला, आणि त्याच दमात आम्हाला, "मेल्यांनो, बादली कोण आणणार, खुद्द राजा?" आई म्हणायची, मी घोडी झाले असते तर सुखी झाले असते.

बाबांचा एकच नियम होता: दोर सोडायचा नाही. कोरा घोडा एकदा का हातातून निसटला की त्याला कळतं, आपल्याला सुटता येतं. मग तो जन्मभर ओढत राहतो. तसा घोडा कामातून गेला. म्हणून तो उधळो, लाथा झाडो, आडवा पडो, हातातला दोर सुटता कामा नये.

माझा भाऊ क्लेम सात वर्षांचा असताना बाबांनी त्याच्या हातात एका शिंगराचा दोर दिला होता. शिंगरू कशालातरी बुजलं आणि जे सुटलं ते थेट खाऱ्या झुडपांतून. क्लेम पोटावर फरफटत मागे गेला, पण त्याने काही दोर सोडला नाही. शिंगरू दमून उभं राहिलं तेव्हा पोराची हनुवटी फुटून सदरा लाल झाला होता. मी धावत गेले. बाबाही आले, आणि पहिलं काय विचारलं असेल त्यांनी? "सोडला नाहीस ना?"

"नाही," क्लेम म्हणाला, आणि मगच रडायला लागला.

आईने हनुवटीला टाके घातले, घरातल्याच सुईने, आणि मग कितीतरी दिवस बाबांशी अबोला धरला. बाबांना त्याचं काही नव्हतं. ही हकिकत ते पबमध्ये वर्षानुवर्षं सांगत राहिले, आणि सांगताना दर वेळी शिंगरू जरा मोठं व्हायचं. मला बाबांचा राग यायचा आणि क्लेमचा अभिमान वाटायचा. खरं सांगायचं तर दोन्ही अजून वाटतं.

क्लेम वाढला तो असा. उंची बेताची, बोलणं कमी, हनुवटीवर पांढरा वण. माणसांत लाजायचा, घोड्यांत नाही. आपल्या मॅग नावाच्या घोडीवर बसला की मात्र रुबाबदार दिसायचा. नाचाच्या कार्यक्रमाला गेला तर मुलींपेक्षा बाहेर बांधलेल्या घोड्यांपाशी जास्त वेळ रमायचा. मी चिडवायची, "अरे, त्यांतल्याच एकीला मागणी घाल." तो म्हणायचा, "घातली असती, पण तू नणंद म्हणून छळशील तिला."

लढाई सुरू झाल्यावर आमच्याकडच्या पोरांनी घोडदळात नावं घातली. क्लेम एकोणीस पुरा होता होता तोही गेला, आणि मॅगला बरोबर घेऊन गेला. आई रडली. बाबा स्टेशनवर त्याच्याशी हात मिळवताना मॅगच्याच पायांकडे बघत होते. "टाचेकडे लक्ष ठेव तिच्या," एवढंच म्हणाले. तो त्यांचा निरोप.

पुढच्या वर्षी इजिप्तहून क्लेमचं पत्र आलं. उंटांना शिव्या, माशांना शिव्या, आणि शेवटी एक वाक्य: "आमच्या चौकडीत मी तीन नंबर आहे, बाबांना सांग." झालं. बाबांनी डोक्यावर हॅट चढवली आणि थेट पब गाठला. पलटणीत चौघाचौघांची तुकडी असते एवढं त्यांना माहीत होतं. पोरगा जाऊन पुरतं वर्ष झालेलं नाही आणि चौघांत तिसरा! लवकरच दुसरा होईल, मग पहिला, मग सार्जंट. हे त्यांनी सगळ्या पबला ऐकवलं, वर एक फेरी पाजली.

पबच्या कोपऱ्यात गस हॉलोवे बसलेला असायचा. आफ्रिकेतल्या जुन्या लढाईत गुडघा गमावून आलेला, आणि तेव्हापासून बाकीच्यांचा आनंद त्याला सहन व्हायचा नाही.

"तीन नंबर?" गस म्हणाला. "काय म्हणालास जॅबेझ, तीन नंबर?"

"तीन. का, जळतोस?"

"अरे वेड्या, तो काय परीक्षेतला नंबर आहे होय! ही पोरं घोड्यावरून जातात, पण लढतात खाली उतरून. उतरले की एक, दोन आणि चार नंबर बंदुका घेऊन पुढे पळतात. आणि तीन नंबर चारी घोड्यांचे लगाम धरून मागे खळग्यात थांबतो. सगळ्यात सुरक्षित जागा! आम्ही त्याला दाई म्हणायचो, दाई! तुझा क्लेम दाई झालाय रे तिकडे!"

पब असा हसला म्हणतात की रस्त्यापलीकडच्या लोहाराने काम थांबवलं. त्यानंतर कितीतरी दिवस बाबांना येताजाता ऐकावं लागलं. "काय जॅबेझ, दाईबाईंची तब्येत बरी ना?" दोराची ती हकिकत सांगायचं त्यांनी बंद केलं. माणूस वाईट नव्हता, पण हसं झालेलं त्यांना पचायचं नाही, आणि पचलं नाही की ते सगळ्यात जवळच्यावर निघायचं.

त्याच सुमारास आमच्या शेजारचा रॉय नवीन भरतीतून तिकडे निघाला होता, क्लेमच्याच पलटणीत. तो निरोप घ्यायला आला तेव्हा आईने क्लेमसाठी मोजे दिले, मी फळांचा केक दिला. बाबा खोगिराला तेल लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "त्याला सांग, बाप विचारतो, दुसऱ्यांचे घोडे सांभाळायला समुद्रापलीकडे कशाला जायला हवं होतं? इथे काय घोडे कमी होते? म्हणावं नंबर बदलून घे. नाहीतर घरी येऊन तोंड दाखवू नकोस."

"जॅबेझ!" आई ओरडली.

"असंच्या असं सांग," बाबा म्हणाले. रॉय बिचारा साधा मुलगा. त्याने मान डोलावली, आणि तो सांगितलं तेवढं करणाऱ्यांतला होता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आमच्याकडे लढाईतल्या मरणाची बातमी पाद्री घेऊन येतो. त्यामुळे त्या वर्षांत पाद्रीबुवा रविवार सोडून इतर दिवशी घोड्यावर दिसले की बायका पडदे ओढून घ्यायच्या, जणू पडदा ओढला की ते पुढच्या घरी जातील. नोव्हेंबरात एका बुधवारी ओढ्याकडून धूळ दिसली. घोडा एका बाजूला, स्वार दुसऱ्या बाजूला, अशी बसण्याची पद्धत गावात एकाचीच. आईने खिडकीतून बघितलं आणि ती परत पीठ मळायला लागली. पाद्रीबुवा उतरून, घोडा बांधून, दारात येऊन टोपी काढेपर्यंत ती मळत होती. तोवर तिचा मुलगा जिवंत होता, असं तिने मला नंतर सांगितलं.

क्लेम गाझाच्या खाली कुठेतरी कामी आला होता. कसा, ते कागदावर नव्हतं. वय वीस.

पबमध्ये त्या आठवड्यात कुणी दाईचं नाव काढलं नाही. वर्तमानपत्रं त्या मोहिमेच्या बातम्यांनी भरली होती आणि गाव आपोआप धरून चाललं की क्लेम पुढे धावताना पडला. गस हॉलोवेसुद्धा उठून उभा राहिला आणि बाबांचा हात हातात घेऊन म्हणाला, "तुझा पोरगा शेवटी पुढे गेला रे." बाबा हो म्हणाले. घरी आले ते सरळ आवारात गेले आणि रिकाम्या आवाराच्या कुंपणाला टेकून उभे राहिले.

मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "हेस्टर, तीन नंबरची जागा सुरक्षित असते ना गं?"

"गस तसं म्हणतो."

"म्हणजे क्लेम मेला, तर तो तिथे नव्हता. नंबर बदलून पुढे गेला होता." मग म्हणाले, "रॉयने निरोप दिला असेल. 'तोंड दाखवू नकोस.' आणि नाही दाखवलं त्याने."

मी काहीतरी बोलले, असं नसेल, तसं नसेल. माझ्या बोलण्याने त्यांचं समाधान होणार नव्हतं आणि खरं म्हणजे माझंही झालं नव्हतं. बाबांना जगात एकच गोष्ट कळून घ्यायची होती: आपल्या त्या एका वाक्याने पोराला पुढे ढकललं का? आणि ते सांगू शकणारा एकच माणूस आम्हाला ठाऊक होता. तो रॉय. रॉय तिकडच्या पुढच्या उन्हाळ्यात जॉर्डनच्या खोऱ्यात तापाने गेला.

दोन वर्षं बाबांनी तशीच काढली. कामात कसूर नव्हती. उलट नियम आणखी कडक झाला होता, हाताची सालं निघाली तरी दोर सुटायचा नाही. फक्त घोड्यांशी गोड बोलणं थांबलं होतं. आई म्हणाली, "एवढी वर्षं मी त्या बोलण्याचा हेवा केला, आणि आता ते ऐकू येत नाही तर घर खायला उठतं."

तर तो भाड्याच्या घोड्यावरचा माणूस. दारात आला आणि खरंच वाकला. "मिसेस ट्रेम्बाथ? मी टायनी."

टायनी म्हणजे चिमुकला. आमच्याकडे लांबलचक माणसाला हेच नाव ठेवतात, त्यामुळे आईने जराही हसू न आणता "बस रे चिमुकल्या," म्हटलं. तो क्लेमच्या चौकडीतला एक नंबर होता. बोटीने येऊन, आपल्या घरच्यांना भेटून, तिथून एवढ्या लांब आला होता. त्याने पॅस्ट्या खाल्ल्या, आणखी खाल्ल्या, आईच्या हातची तारीफ केली. "क्लेम पॅस्टीच्या गोष्टी सांगून आम्हाला उपाशीपोटी छळायचा," म्हणाला. आई हसली आणि तशीच पदराला, म्हणजे एप्रनला, डोळे पुसत राहिली.

"त्याचे बाबा कुठेत?"

बाबा टाकीजवळच्या मोकळ्या जागेत होते. एक तांबूस घोडी नुकती आवाराबाहेर काढून दोरावर चालायला शिकवत होते. देखणी, पण कान मागे पाडलेली, कधी उधळेल सांगता येणार नाही अशी. टायनी, आई आणि मी तिघं जवळ गेलो. टायनीने नाव सांगितलं. बाबांनी मान हलवली, घोडीवरची नजर काढली नाही.

"रॉयने क्लेमला माझा निरोप दिला होता का?" पहिला प्रश्न तोच. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

टायनीने आमच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "दिला होता. मी तिथेच होतो. त्याने अगदी छाती पुढे काढून, तुमच्या आवाजात म्हणून दाखवला."

बाबांच्या हातावरच्या शिरा वर आल्या.

"आणि क्लेम इतका हसला, की चंदीच्या पोत्यावरून खाली पडला. म्हणाला, 'तोंड दाखवू नकोस म्हणे! हनुवटी त्यांनी आधीच फोडली, आता उरलेलंही नको! म्हातारा एवढा चिडलाय म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.' फार खूश होता त्या दिवशी, खरंच. आम्हा सगळ्यांना तो निरोप पाठ झाला होता, मिस्टर ट्रेम्बाथ. कुणी काही विसरलं की आम्ही म्हणायचो, घरी येऊन तोंड दाखवू नकोस."

आईच्या तोंडून हुंदका फुटला की हसू, मला कळलं नाही. बाबा म्हणाले, "मग नंबर बदलून घेतला त्याने."

"बदलून? छे! सार्जंट द्यायला तयार होता की. क्लेम म्हणाला, टायनीच्या हातात घोडे दिलेत तर आपण सगळे पायी घरी जाऊ. आणि खरं होतं ते. त्याच्याकडे घोडे जसे उभे राहायचे तसे कुणाकडे राहायचे नाहीत. आम्ही पुढे गोळ्या खात पडलेलो असायचो ना, तेव्हा मनात एक खात्री असायची, की मागे वळलो की घोडे असणार. त्याच्यासाठी दुसऱ्या चौकडीतले लोक भांडायचे आमच्याशी." टायनीने बाबांकडे बघितलं. "तुम्हाला काय वाटलं, तो पुढे जाऊन पडला? तो कधीच पुढे गेला नाही. शेवटपर्यंत तीन नंबर होता."

बाबांचे खांदे खाली आले. मी दोन वर्षांनी त्यांना पुरता श्वास घेताना पाहिलं. घोडीलाही ते कळलं असावं, तिने एक कान पुढे केला. मला वाटलं, संपलं. देवाशपथ सांगते, टायनीने तिथेच थांबावं आणि आत येऊन चहा प्यावा असं मला वाटत होतं.

पण बाबांनी विचारलं, "मग मेला कसा?"

"नको," आई म्हणाली.

"सांगू दे त्याला, थर्झा."

टायनीने हॅट काढून हातात घेतली. "आम्ही पुढे होतो, टेकाडावर. घोडे मागे कोरड्या ओढ्यात. असाच ओढा, तुमच्या इथल्यासारखा. दुपारनंतर दोन विमानं आली आणि ओढ्यावर बॉम्ब टाकून गेली. घोडे बेफाम झाले. काठाखाली एक कपार होती, चांगली खोल. घोडे धरणाऱ्यांतले काही जण लगाम सोडून तिच्यात घुसले. मी त्यांना नावं ठेवत नाही, मीही घुसलो असतो. क्लेम उभा राहिला. त्याला कुशीत तुकडा लागला. मग तो खाली बसला आणि चारी लगाम मनगटाला गुंडाळून बसून राहिला."

 टायनी पुढे म्हणाला, "संध्याकाळी तुर्क आमच्यावर चालून आले आणि मागे फिरा असा हुकूम आला. आम्ही धावत ओढ्यात उतरलो. बाकीचे घोडे रानभर पांगले होते, किती तरी जण पायीच राहिले आणि सापडले शत्रूला. आमचे चारही उभे होते. मॅगच्या पाठीला खरचटलं होतं, तरी उभी. क्लेम आमच्याकडे बघून म्हणाला, 'फार वेळ लावलात रे.' बस, एवढंच. मी त्याला उचलायला गेलो तर मूठ उघडेना. एकेक बोट सोडवावं लागलं. त्याला मॅगवर घालून घेऊन आलो आम्ही, पण तो वाटेत गेला." त्याने हॅट फिरवली. "आम्ही तिघं जिवंत आहोत ते त्याच्यामुळे. तेवढं सांगायला आलो होतो."

बाबा घोडीकडे बघत होते. त्यांनी अगदी हळू विचारलं, "लगाम सोडून त्या कपारीत गेला असता तर?"

"मिस्टर ट्रेम्बाथ..."

"कपारीत गेलेले वाचले का?"

टायनी खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्या क्षणी मला वाटलं, बोलायला हवं होतं त्याने खोटं. "वाचले," तो म्हणाला.

"मग सोडले का नाहीत त्याने?"

"आम्ही चेष्टेत विचारायचो त्याला, घोडा एवढा उधळतो तरी तू सोडत कसा नाहीस म्हणून. तो म्हणायचा, आमच्याकडे सोडत नाहीत. बाबांनी मला एकच गोष्ट शिकवली, म्हणायचा, आणि ती मला चांगली येते."

वारा नव्हता. टाकीत पाणी ठिबकत होतं. बाबांच्या उजव्या मुठीत दोराचा वेढा होता, नेहमीसारखा घट्ट. ते त्या मुठीकडे बघत राहिले. दोन वर्षं ज्या वाक्याने त्यांना छळलं होतं, त्याच्यातून ते आत्ताच सुटले होते. आणि आता त्यांना त्याहून जुनं एक वाक्य सापडलं होतं. सोडला नाहीस ना? मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आईलाही दिसलं, कारण ती त्यांच्याकडे जायला निघाली.

बाबांनी बोटं उघडली.

दोर जमिनीवर पडला. घोडीला आधी कळलंच नाही, ती तशीच उभी राहिली. मग तिने मान झटकली, दोन पावलं मागे सरली, आणि दोर मागे फरफटवत खाऱ्या झुडपांतून सुसाट सुटली. कुणीही तिच्यामागे गेलं नाही.

"बघ," बाबा म्हणाले. आमच्याशी नाही बोलत होते ते. "बघ, सोडता येतं. बोटं उघडायची. एवढंच करायचं होतं रे बाळा."

त्यांनी क्लेमला बाळा म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आईने त्यांचा तो रिकामा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि ती दोघं तिथेच उन्हात उभी राहिली. टायनी त्याच्या त्या प्रचंड देहासकट लहान पोरासारखा रडत होता. मी त्याला आत नेऊन चहा दिला, कारण मला दुसरं काही सुचलं नाही.

त्या शनिवारी बाबा पबमध्ये गेले. गस हॉलोवे कोपऱ्यात होताच. बाबांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझा पोरगा पुढे गेला नव्हता. तो तीन नंबर होता. शेवटपर्यंत घोडे धरून होता." कुणी हसलं नाही. गसने ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, घोडे किती वाचले? बाबांनी सांगितलं, चारही. गसने मान डोलावली आणि त्यानंतर त्याच्या तोंडून दाई हा शब्द कुणी ऐकला नाही.

तांबूस घोडी दोन-तीन दिवसांनी तहानेने आपणहून टाकीवर आली. बाबांच्याच नियमाप्रमाणे ती कामातून गेली होती. दोर दिसला की मागे सरायची, कुणाला गळ्याशी हात लावू द्यायची नाही. खोगीर तर तिने जन्मात घेतलं नाही. लोक म्हणायचे, जॅबेझ, फुकट चंदी कशाला घालतोस, हाकून दे तिला. बाबा रोज संध्याकाळी तिच्यासाठी बादली घेऊन जायचे आणि ती पाणी पीत असताना चार हात लांब उभे राहून बोलायचे, अगदी पूर्वीसारखं, ये गं माझी राणी. एकदा मीच त्यांना विचारलं, एवढं काय आहे हो तिच्यात?

"तिला सुटता येतं," बाबा म्हणाले, आणि रिकामी बादली घेऊन घराकडे चालायला लागले.